माळ काढली, हरिपाठ सुटला आणि एसजीपीए पण घसरला, खरंच संबंध असतो का?

नीरेकाठचा

रामकृष्णहरी मंडळी. बरेच दिवस विचारायचं होतं, आज लिहितोच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी माळशिरस तालुक्यातला. सध्या पुण्यात एमएस्सी केमिस्ट्री पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहतो. घरी तीन पिढ्या माळकरी. आमच्या भागातूनच माऊलींची पालखी जाते, त्यामुळं आषाढ म्हणजे दारात वारकरी, चुलीवर पिठलं, ओसरीवर पाय चेपून घेणारी म्हातारी माणसं, हे मी कळायला लागल्यापासून बघतोय. मला सातवीत माळ घातली. बीएस्सी होईपर्यंत घरूनच कॉलेज होतं, रोज संध्याकाळी सातला आजोबांबरोबर देवळात हरिपाठ, मग जेवण, मग अभ्यास, साडेदहाला झोप आणि पहाटे पाच-साडेपाचला जाग. याला कुणी घरात रूटीन वगैरे म्हणत नव्हतं, ते तसंच होतं. बीएस्सीला 8.6 पडले.

पुण्यात आल्यावर पहिला महिना रूमवर एकट्यानं हरिपाठ म्हटला, मग रूममेटच्या मित्रांचं येणं-जाणं, लाज वाटायला लागली, मग मनातल्या मनात, मग बंदच. रात्री दीड-दोनला टपरीवर चहा, तीनला झोप, सकाळचं लेक्चर बुडवायचं, नाश्ता नाही, दुपारी मेसला चारच्या जागी सहा चपात्या, असं चालू झालं. वजन 7 किलो वाढलं म्हणून जिम लावली तर तिथला ट्रेनर म्हणाला प्रोटीन पाहिजे, अंडी खा. माळ घालून अंडं खाणं मला जमलं नसतं म्हणून माळ काढून कंपासपेटीत ठेवली. आता चार महिने झाले. सेमचा निकाल लागला, एसजीपीए (सेमची दहापैकी सरासरी) 6.2, आणि फिजिकल केमिस्ट्रीला बॅक, म्हणजे नापास.

आजीला फोनवर सांगितलं तर ती एवढंच बोलली, "पांडुरंगाचं सोडलंस ना बाळा." रागावली नाही, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पुस्तक उघडलं की तेच आठवतं.

मी केमिस्ट्रीवाला आहे, एका वेळी दहा गोष्टी बदलल्या तर कशानं काय झालं ते सांगता येत नाही हे आम्हाला पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवतात. माझंच तसं झालंय. म्हणून विचारतो, धार्मिक असणं, तब्येत आणि अभ्यास यांचा खरोखर संबंध असतो का? आणि दुसरं, परत सुरू करावं तर ते भीतीपोटी होईल का? चेष्टा करू नका प्लीज, ही गोष्ट माझ्यासाठी मोठी आहे.

---

राजगिरा_लाडू

दादा, मी डाएटिशियन आहे, त्यामुळं देवाबद्दल नाही, ताटाबद्दल आणि झोपेबद्दल बोलते.

तू लिहिलेलं वाचल्यावर सगळ्यात आधी काय दिसलं तर रात्रीचा चहा. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास जातात. दीडला चहा घेतलास तर सकाळी साडेसहाला सुद्धा त्यातलं निम्मं अंगात असतं. तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं काम बरंचसं झोपेतच होतं, त्यामुळं तीनला झोपून आठला उठणारा मुलगा कितीही वाचला तरी भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरल्यासारखं आहे. घरी तुझं साडेदहाला झोपणं हे हरिपाठामुळं होतं, कारण सात वाजता एक खुंटी ठोकलेली होती आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती फिरायचा. खुंटी उपटली, दिवस सैरभैर झाला.

आता अंडी. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन असतं. 50 ग्रॅम शेंगदाण्यात 12 ग्रॅम, 50 ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांमध्ये 25 च्या आसपास, शिवाय मटकी, हरभरा, दही, ताक आहेच. म्हणजे तुला अंडी खायचीच असतील तर खा, त्यात वाईट काहीच नाही, पण "प्रोटीनसाठी माळ काढावीच लागली" हे खरं नाही. तुझ्या ट्रेनरला बहुतेक माळकरी माणूस काय काय खातो हेच माहीत नसावं.

आणि एक गोष्ट उलट्या बाजूनं पण सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये हे रोज बघते. एकादशीचा उपवास म्हणजे आपोआप हेल्दी असं अजिबात नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, 100 ग्रॅममध्ये प्रोटीन एक ग्रॅम पण नाही. त्यावर तूप, बटाटा, वर वेफर्स, संध्याकाळी परत खिचडी. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच लोकांनी केलीय. उपवास करायचाच तर राजगिरा, भगर, दाण्याची आमटी, ताक, फळं असं कर, आणि पाणी भरपूर पी. परीक्षेच्या दिवशी एकादशी आली तर पोटभर फराळ करून जा, काही न खाता निरंकार नको. वारीत चालणारी माणसं काही उपाशी चालत नाहीत, त्यांच्या फडावर भाकरी किती लागते ते तूच बघितलं असशील.

---

खडू_आणि_फळा

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. प्रश्न मनापासून विचारलायस म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या विषयावर बाहेर, खास करून अमेरिकेत, खूप अभ्यास झालाय. वॉलेस आणि फोरमन या दोघांनी 1998 मध्ये तिथल्या हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची माहिती तपासली तर धर्माला महत्त्व देणारी, प्रार्थनेला नियमित जाणारी मुलं सिगरेट-दारू कमी घेताना, खाणं-झोप-व्यायाम जास्त नीट सांभाळताना दिसली. ड्यूक विद्यापीठाचे हॅरॉल्ड कोनिग यांनी तर आयुष्यभर हेच काम केलं, धर्म आणि आरोग्य. आणि कॅलिफोर्नियातल्या ॲडव्हेंटिस्ट लोकांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. हा ख्रिश्चनांचा एक पंथ, दारू-तंबाखू वर्ज्य, बरेचजण शाकाहारी, शनिवारी पूर्ण विश्रांती. त्यांच्यातले पुरुष बाकीच्या कॅलिफोर्नियाकरांपेक्षा सरासरी सात वर्षं आणि बायका चार वर्षं जास्त जगतात असं 2001 मध्ये छापून आलं. आपल्या पुण्यात औंधला स्पायसर आहे ना, ते याच पंथाचं विद्यापीठ.

मार्कांचं बघायचं तर तुलेन विद्यापीठाच्या इलाना हॉरविट्झ यांचं 2022 मधलं काम आहे. धर्म मनापासून पाळणाऱ्या अमेरिकन शाळकरी मुलांचे ग्रेड चांगले निघाले, कारण त्यांना सांगितलेलं ऐकायची, नियमानं वागायची सवय असते आणि शाळा नेमकं त्यालाच मार्क देते. पण त्याच अभ्यासात ठाम नास्तिक मुलांचे ग्रेड पण चांगले निघाले. अधांतरी असलेली मुलं मागं राहिली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणखी एक, ती धार्मिक मुलं पुढं कॉलेज निवडताना त्यांच्या मार्कांना मिळालं असतं त्याहून साधं कॉलेज निवडतात असंही त्यांना दिसलं, म्हणजे सगळा फायदाच फायदा आहे असं नाही.

उलट बाजूचाही पुरावा आहे. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये दाखवलं की कोर्सच्या काळात रमजानचे जितके जास्त आठवडे येतात तितके मुस्लिम विद्यार्थ्यांचे मार्क थोडे खाली येतात. श्रद्धा तीच असते, पण झोप आणि जेवणाची वेळ हलते.

तर तुझ्या आजीचं वाक्य मी असं वाचते. ती शिक्षा सांगत नाहीये, तिला तिच्या भाषेत जे दिसलं ते सांगतेय. तिचा नातू ज्या गोष्टींनी उभा होता त्या सगळ्या तिच्यासाठी "पांडुरंगाचं" या एका शब्दात येतात, त्यात साडेदहाची झोप पण येते आणि आजोबा पण. तू मात्र ते शिक्षा म्हणून ऐकलंस. आणि अपराधी वाटत राहणं हे झोपेइतकंच अभ्यासाला मारक आहे, हे मी रोज माझ्या विद्यार्थ्यांत बघते. पुस्तक उघडल्यावर तेच तेच आठवत असेल आणि महिना झाला तरी जात नसेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे एकदा बोल, नाहीतर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

---

सोलापूरची_फार्मसीवाली

मॅडमनी रमजानचं लिहिलं म्हणून मी लिहिते, कारण ते माझ्याबाबत खरंच झालंय. बीफार्मच्या दुसऱ्या वर्षी मी रोजे ठेवून इंटर्नल दिल्या, रात्री मैत्रिणींबरोबर जागायचं, मग पहाटे सेहरी, मग दोन तास झोप आणि कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकलला डोळ्यासमोर ब्युरेटच्या दोन-दोन रेघा दिसायच्या. मार्क पडले. तेव्हा माझ्या अम्मीनं जे सांगितलं ते इथं सांगते, ती म्हणाली रोजा उपाशी राहण्याचा आहे, जागरणाचा नाही.

पुढच्या वर्षी मी सगळं बदललं, रात्रीची इशाची नमाज झाली की लगेच झोप, सेहरीला साडेचारला उठायचं, दलिया-दही-खजूर असं टिकणारं खायचं, पहाटेच्या फजरच्या नमाजेनंतर परत झोपायचं नाही, तेच दोन-अडीच तास सगळ्यात अवघड विषयाला द्यायचे, आणि दुपारी जोहरनंतर अर्धा तास आडवं व्हायचं. त्या वर्षी माझा सगळ्यात चांगला अभ्यास रमजानमध्ये झाला, शपथेवर सांगते, कारण मोबाईल पण कमी झाला होता आणि जेवणात वेळ जात नव्हता. हॉस्टेलची मेस सेहरीला बंद असायची, पण दोन हिंदू मैत्रिणी रात्रीच मला डबा भरून ठेवायच्या.

भावा, लाज वाटली म्हणून हरिपाठ सोडलास हे वाचून मला वाईट वाटलं. मी पण पहिल्या वर्षी रूममेट बाहेर गेली की मगच नमाज पढायचे. एक दिवस तीच म्हणाली, तुझी वेळ झाली ना, मी गाणी बंद करते. लोक आपल्याला वाटतात तितके आपल्यावर हसत नसतात रे.

---

कबड्डी_कबड्डी

मी देव मानत नाही, साताऱ्याचा आहे, चळवळीतल्या घरात वाढलो. तुझ्या श्रद्धेला काही बोलणार नाही, फक्त एक बाजू राहून जाऊ नये म्हणून लिहितो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर डॉक्टर होते, कबड्डीचे मोठे खेळाडू होते, साताऱ्यात परिवर्तन नावाचं व्यसनमुक्ती केंद्र त्यांनी उभं केलं, आणि हे सगळं करताना त्यांना माळ-उपवास काही लागलं नाही. माझं स्वतःचं सांगायचं तर रोज संध्याकाळी सहा ते साडेसात मैदान, मातीत लोळून आलं की अंघोळ, जेवण, अभ्यास, झोप. इंजिनिअरिंगला एकही केटी लागली नाही. तुझं सात वाजताचं देऊळ आणि माझं सहाचं मैदान, दोन्हीकडं वेळ ठरलेली, दहा जण वाट बघणारे, आणि दांडी मारली की "काल का नव्हतास" विचारणारं कुणीतरी. मार्क तिथून येतात असं मला वाटतं.

फक्त एक धोका सांगतो. समज उद्यापासून हरिपाठ सुरू केलास आणि पुढच्या सेमला 8 आले तर तुझं डोकं म्हणेल पांडुरंगानं दिले. मग त्याच्या पुढच्या सेमला परत काही बिनसलं तर? तेव्हा तू स्वतःला किती खाशील? बॅक राहिली ती थर्मोडायनॅमिक्सची गणितं सोडवली नाहीत म्हणून, एवढं तरी वेगळं ठेव.

---

दीक्षाभूमी_ते_दापोडी

वरच्या दादाशी सहमत पण थोडं वेगळं. आमच्याकडं पंचशीलातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं, आणि 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. हॉस्टेलला पहिल्या आठवड्यात ग्लास पुढं आला तेव्हा मला कारणं द्यावी लागली नाहीत, "आमच्यात चालत नाही" एवढ्यावर विषय संपला. एकट्याच्या निश्चयाला असं पाठबळ नसतं, तो दुसऱ्या दिवशी गळतो. एप्रिलमध्ये जयंतीला आमच्या वसतिगृहात सलग 18 तास अभ्यासाचा उपक्रम असतो, शेकडो पोरं एका हॉलमध्ये चिडीचूप वाचत बसतात. रोज 18 तास कुणी करू नये, पण त्या एका दिवशी आपण कुणासाठी आणि कशासाठी शिकतोय ते अंगात उतरतं, मला वर्षभर पुरतं.

---

बारशीचा_टाळ

माऊली, वय 64, शिक्षक होतो, आता रिटायर. 31 वाऱ्या झाल्या.

तुम्ही माळ कंपासपेटीत ठेवलीत, फेकली नाहीत. मला तेवढ्यावरूनच सगळं कळलं.

आमच्याकडं परीक्षेच्या आधी मुलं येतात, गुरुजी माळ घाला म्हणतात, म्हणजे पास होऊ. मी घालत नाही. माळ ही मार्कांची बोली नव्हे. नवस बोलून पेपर सुटत नसतो आणि एकादशी मोडली म्हणून पांडुरंग कुणाचे मार्क कापत नाही, तो विटेवर कमरेवर हात ठेवून उभा आहे, हातात लाल पेन घेऊन नाही. तुमच्या आजोबांनी माळ घातली तेव्हा तुमच्या मार्कांसाठी घातली नव्हती, तेव्हा मार्क गेले म्हणून ती परत घालू नका. ज्या दिवशी घालावीशी वाटेल त्या दिवशी गावी जाऊन आजोबांच्या हातानं घाला. आज हरिपाठ म्हणायला माळ लागत नाही. सत्तावीस अभंग आहेत, चालीवर टाळ घेऊन म्हटलं तर अर्धा तास, एकट्यानं नुसतं म्हटलं तर त्याहून कमी.

गाडगेबाबा ज्या पंढरपुरात आयुष्यभर कीर्तनं करत फिरले तिथल्या देवळात ते गेले नाहीत, बाहेर वाळवंट झाडत राहिले. ताटं विका, हातावर भाकरी घेऊन खा पण पोराला शिकवा असं ते कीर्तनातून सांगायचे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये त्यांनी बाबासाहेबांच्या स्वाधीन केली, पोरांच्या शिक्षणासाठी. आता अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तेव्हा अभ्यास करणं हे आपल्या संप्रदायाबाहेरचं काम आहे असं समजू नका. तुमचं फिजिकल केमिस्ट्री पण वाळवंट झाडण्याइतकंच चोख व्हायला पाहिजे.

आणि हरिपाठ एकट्यानं रूमवर म्हटलात तिथंच चुकलं. तो दिंडीचा आहे, दोघं-तिघं तरी पाहिजेत. एवढ्या मोठ्या हॉस्टेलात पंढरपूर, बार्शी, परभणी, आळंदीकडची पोरं नसतील असं होणारच नाही. विचारून बघा.

---

ढोल_ताशा_पूर्वा

एक छोटंसं, मी तीन वर्षं पथकात ढोल वाजवलाय. गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी सराव, घाम गळेपर्यंत, तब्येत एक नंबर झाली होती, पण सराव संपल्यावर कट्ट्यावर बसणं बारा-एकपर्यंत चालायचं आणि विसर्जनानंतर आठवड्याभरात इनसेम परीक्षा. माझे मार्क ढोलानं नाही, कट्ट्यानं खाल्ले. तिसऱ्या वर्षी सराव संपला की थेट सायकलवर टांग टाकून घरी यायला लागले आणि सुधारलं. कुठलीही चांगली गोष्ट असो, तिच्या मागून येणारे दोन तास बघा.

---

नीरेकाठचा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं. आज सोळा दिवस झाले.

गुरुजी, तुमचं ऐकून मेसच्या बोर्डवर चिठ्ठी लावली, "रोज सव्वासात, हरिपाठ, बी विंगची गच्ची". मला वाटलं फाडतील. पहिल्या दिवशी मी आणि परभणीचा एक जण, तो फिजिक्सचा, त्याच्याकडं बॅगेत टाळ होते आणि वर्षभर कुणाला दाखवले नव्हते. आता आम्ही पाच जण आहोत. एक जण म्हणतो माझा देवावर विश्वास नाही पण चाल आवडते, येऊन बसतो, बसू दे. रूममेटला सांगितलं तर तो म्हणाला अरे मग आधी का नाही बोललास, एवढंच. सोलापूरच्या ताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं.

रात्रीचा चहा बंद केला. पहिले चार दिवस डोकं ठणकलं. झोप अजून साडेदहाला येत नाही पण साडेअकराला पडतो, सहाला उठतो, सकाळचं एकही लेक्चर बुडलं नाही. रोज जेवणानंतर थर्मोची पाच गणितं, त्यात चुकतंय अजून, पण कुठं चुकतंय ते कळायला लागलंय. हे मी देवाच्या नावावर टाकत नाहीये, कबड्डीवाल्या दादाचं ते लिहून टेबलासमोर चिकटवलंय.

अंडी सोडली. कुणाच्या भीतीनं नाही, सोयाबीन वड्या आणि दाणे परवडतात आणि मला ते आवडतात म्हणून.

माळ अजून कंपासपेटीतच आहे. आजीला फोन करून सगळं सांगितलं, चिठ्ठीचं, गच्चीचं. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "जेवतोस ना नीट?" मी हो म्हटलं. समुपदेशक मॅडमकडं पण एकदा जाऊन आलो, परत बोलावलंय पुढच्या गुरुवारी.

एकच विचारायचं राहिलं, राजगिरा ताईंना. परवा एकादशी आहे, आम्ही पाचातले तिघं धरणार आहोत. मेसच्या काकू भगर आणि दाण्याची आमटी करून द्यायला तयार आहेत पण त्यांना तिघांचं प्रमाण माहीत नाही, भगर किती वाट्या घ्यायची आणि दाणे किती?

---

राजगिरा_लाडू

दीड वाटी भगर, साडेचार वाट्या गरम पाणी, भगर आधी तुपावर परतून घ्यायला सांग म्हणजे गोळा होत नाही. आमटीला एक वाटी दाणे भाजून, सालं काढून, थोडी हिरवी मिरची, जिरं, दोन-तीन आमसुलं. सोबत ताक. आणि दुपारी एक वाजायच्या आत खा, त्या दिवशी प्रॅक्टिकल असेल तर मुद्दाम सांगते.